चौथा डबा आणण्याआधी

पत्र एका आईचं आहे. मुलगी सात आठवड्यांची, पहिलीच. तिसऱ्या आठवड्यात आजारपणामुळे आईचं दूध आटलं आणि मुलगी पूर्णपणे पावडरच्या दुधावर आली. तेव्हापासून घरात तीन तऱ्हेचे डबे येऊन गेले: आधी साधा, मग ‘कम्फर्ट’ असं लिहिलेला, आता शेळीच्या दुधाचा. दर नव्या डब्याने तीन-चार दिवस बरे जातात आणि मग पुन्हा संध्याकाळी सहाच्या सुमाराला सुरू झालेलं रडणं रात्री दहापर्यंत थांबत नाही. मुलगी लालबुंद होते, पाय पोटाशी घेते, वारा सरतो. बाटली पाच मिनिटांत संपवते आणि थोड्या वेळाने त्यातलं बरंचसं दूध काढून टाकते. शी हिरवट आणि घट्टसर झाली आहे. दिवसाला शंभर मिलीच्या नऊ-दहा बाटल्या होतात. वजन ४ किलो ६०० ग्रॅम, वाढ चांगली. डॉक्टरांनी तपासून ‘सगळं ठीक आहे’ म्हटलं, पण त्यावर आईचा विश्वास बसलेला नाही. मैत्रीण म्हणते लॅक्टोज नसलेलं दूध दे, घरातलं कुणी म्हणतं सोयाचं दे, नवरा म्हणतो जरा थांब. ‘नव्या डब्यातला चमचा पावडरीत गाडलेला असतो, म्हणून मी पहिल्या डब्यातलाच वापरते’, असंही ओघात आलं आहे. शेवटी प्रश्न: चौथा डबा कोणता आणू? आणि त्याखाली एकच ओळ: माझं दूध असतं तर ती एवढी रडली नसती.

तुम्हाला आधी दोनच गोष्टी सांगते, बाकीचं सावकाश बोलू. चमचा आजच बदला. आणि चौथा डबा निदान एवढ्यात आणू नका.

मुलगी सात आठवड्यांची आहे, हे तुम्ही पहिल्या ओळीत लिहिलंत आणि लगेच डब्यांकडे वळलात. मी मात्र त्या ओळीवरच थांबले. टी. बेरी ब्रेझल्टन या अमेरिकी बालरोगतज्ज्ञाने १९६२ साली ८० निरोगी बाळांच्या रडण्याच्या नोंदी प्रसिद्ध केल्या. या नोंदी त्यांच्या आयांनीच ठेवल्या होत्या. दुसऱ्या आठवड्यात ही बाळं दिवसाकाठी साधारण पावणेदोन तास रडत होती, सहाव्या आठवड्यात पावणेतीन तास. तिथून उतार लागला आणि बाराव्या आठवड्यापर्यंत रडणं तासाभरावर आलं. बरंचसं रडणं संध्याकाळीच एकवटलेलं होतं. पुढे इतर संशोधकांनाही हाच चढउतार थोड्याफार फरकाने पुन्हा पुन्हा दिसला. कुठलं बाळ दिवसाला तासभर रडतं, कुठलं पाच तास. पण रडणं कोणत्या वयात वाढतं आणि कोणत्या वयात ओसरतं, यात फारसा फरक पडत नाही. तुमची मुलगी आज नेमकी माथ्यावर आहे.

आता तुमच्या शेवटच्या ओळीकडे येते, कारण माझ्या मते सगळे डबे त्या ओळीतून आले आहेत. कालाहारी वाळवंटातल्या कुंग सान लोकांची बाळं त्या काळी दिवसभर कुणाच्या ना कुणाच्या अंगावर असत आणि तासातून अनेकदा आईचं दूध पीत. बाटली नव्हती, डबा नव्हता. रोनाल्ड बार आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी या बाळांचं रडणं तपासलं. ती एकूण कमी वेळ रडत होती हे खरं, पण रडण्याचा चढ त्याच वयात येत होता. दिवस भरायच्या आत जन्मलेल्या बाळांमध्ये हा चढ जन्मापासून सहा आठवड्यांनी येत नाही. बाळंतपणाची जी तारीख दिलेली असते, तिच्यानंतर सहा आठवड्यांनी येतो. दोष दुधाचा असता, तर दूध पोटात जायला लागल्यापासून दिवस मोजावे लागले असते. हे बाळाच्या वाढीतलं वळण आहे आणि ते अंगावर पिणाऱ्या बाळांनाही चुकत नाही. तुमचं दूध असतं तरी या आठवड्यात ती संध्याकाळी रडलीच असती, असं मी बऱ्यापैकी खात्रीने म्हणू शकते. आजारपणात दूध आटलं, तुम्ही तिला दुसऱ्या दुधावर वाढवलंत आणि ती नीट वाढते आहे. त्यात फेडण्यासारखं काही नाही. तरी दर नव्या डब्याबरोबर तुम्ही काहीतरी फेडू पाहताय, असं पत्र वाचताना वाटत राहिलं.

मग दर डब्याने तीन-चार दिवस बरे कसे गेले? आपण डबा कधी बदलतो ते आठवा. नेहमीसारख्या दिवशी कुणी डबा बदलत नाही. सगळ्यात वाईट रात्र होते, जीव मेटाकुटीला येतो आणि सकाळी नवा डबा येतो. सगळ्यात वाईट रात्रीनंतरची रात्र बहुतेक वेळा जराशी बरीच असते, कुणी काही केलं नाही तरी. कावळा बसायला आणि फांदी मोडायला गाठ पडते. शिवाय नवा डबा आला की आपणही जरा हुरुपात असतो, बाळाला शांतपणे घेतो आणि कमी रडली तर ते पटकन डोळ्यांत भरतं.

हे नुसतं माझं अनुमान नाही. ब्रायन फोर्सिथ या बालरोगतज्ज्ञाने १९८९ साली खूप रडणाऱ्या काही बाळांचं दूध आळीपाळीने बदलून पाहिलं आणि कुठल्या वेळी कुठलं दूध चालू आहे हे आईबापांना कळू दिलं नाही. पहिल्या बदलानंतर फरक दिसला. पुढच्या बदलांमध्ये तो विरत गेला, आणि प्रत्येक बदलाला खरोखर फरक पडला अशी बाळं मोजकीच निघाली. ‘मोजकीच’ म्हणजे ‘एकही नाही’ असं मात्र नाही. त्या मोजक्यांबद्दल पुढे लिहिते.

एवढं मात्र आजच सांगून ठेवते. दहाव्या-बाराव्या आठवड्यात तुमच्या घरात जो कुठला डबा असेल, तो यशस्वी ठरेल. तुम्ही तो मनापासून दुसऱ्या एखाद्या रात्रभर जागणाऱ्या आईला सुचवाल. तुम्हाला सुचवले गेलेले तिन्ही डबे अशाच कुणाच्या तरी घरात दहाव्या आठवड्यात होते की काय, कोण जाणे.

‘पण बदलून पाहिलं तर बिघडतं काय?’ असं तुम्ही विचाराल. रास्त आहे. बाजारातली जन्मापासून चालणारी बहुतेक दुधं सुरक्षितच असतात. बिघडतं ते दोन ठिकाणी. एक, बाळाच्या नावापुढे ‘हिचं पोट नाजूक आहे’ हे बिरूद लागतं आणि रडणं थांबल्यावरही कित्येक महिने ते निघत नाही. पुढे प्रत्येक घासाच्या वेळी आठवतं. दुसरं ठिकाण म्हणजे चमचा.

प्रत्येक कंपनीचा मापाचा चमचा वेगळा असतो. कुठे एक चमचा ३० मिली पाण्याला, कुठे एक चमचा ६० मिलीला. पाण्याचं प्रमाण सारखं छापलेलं असलं तरी पावडरीची जात बदलली की तेवढ्याच चमच्यात मावणारं वजन बदलतं. पहिल्या डब्याच्या चमच्याने तिसऱ्या डब्याची पावडर मोजली, तर दूध घट्ट होतंय की पातळ, हे तुम्हाला कळायला मार्गच नाही. घट्ट झालं तर बाळाला तहान लागते. ते रडतं, आपण भूक समजून आणखी तेच घट्ट दूध देतो. शी घट्ट होते आणि मूत्रपिंडांवर ताण येतो. पातळ झालं तर पोट भरत नाही, वजन अडतं आणि फार पातळ दूध सतत गेलं तर रक्तातलं सोडियम घटून झटकेसुद्धा येऊ शकतात. तेव्हा नवा डबा उघडलात की स्वच्छ, कोरड्या हाताने तो गाडलेला चमचा आधी उकरून काढा आणि जुना टाकून द्या. चमचा भरल्यावर सुरीच्या पाठीने किंवा डब्याच्या कडेला दिलेल्या पट्टीने सपाट करा. शिगोशिग नको, दाबून तर मुळीच नको. बाटलीत आधी पाणी मोजायचं, मग पावडर टाकायची. उलटं केलं तर पाणी कमी पडतं.

तुमचं रोजचं मापही मी मांडून पाहिलं. पहिल्या काही महिन्यांत पावडरच्या दुधावरचं बाळ दर किलो वजनामागे दिवसाला साधारण १५० मिली दूध पितं. कुणी थोडं कमी, कुणी जास्त. ४.६ किलोला हे झालं ६९० मिली. तुमच्याकडे जातंय ९०० ते १००० मिली. बाटली पाच मिनिटांत रिकामी होते आणि मग दूध बाहेर येतं. माझा संशय दुधाच्या जातीपेक्षा या घाईवर आणि या मापावर जास्त आहे. रडली की बाटली, हा क्रम संध्याकाळी तासातासाला होत असणार. चोखलं की बाळ शांत होतं, मग ते भुकेलं असो वा नसो, त्यामुळे बाटलीने क्षणभर गुण येतो. मग ताणलेल्या पोटाने ते पुन्हा कळवळतं.

आज निप्पल तपासा. बाटली उलटी धरली तर थेंब थेंब यायला हवा, धार नको. धार येत असेल तर सगळ्यात कमी वेगाचं निप्पल आणा. चौथ्या डब्याऐवजी ही खरेदी मी आनंदाने करू देईन. बाळाला जवळजवळ बसतं धरा, बाटली आडवी ठेवा आणि निप्पलमध्ये दूध भरलेलं राहील एवढीच कलती करा. दर दोन-तीन मिनिटांनी बाटली खाली करून तिला दम घेऊ द्या. एक बाटली पंधरा-वीस मिनिटं चालली पाहिजे. तिने तोंड फिरवलं, ओठ मिटले की तिथेच थांबा; उरलेलं दूध ओतून द्यायला हात धजत नाही, मला कळतं, पण ओतूनच द्या. दूध कालवताना बाटली जोरजोराने हलवत असाल तर फेस खाली बसेपर्यंत दोन मिनिटं थांबा, नाहीतर तो फेस म्हणजे निव्वळ हवा असते. पाजून झाल्यावर अर्धा तास तिला खांद्यावर उभं धरा. माप जबरदस्तीने तोडू नका, बाळ उपाशी ठेवायचं नाहीये. पाजण्याचा वेग कमी केलात की माप बहुतेक आपोआप खाली येईल.

गुळणीचं म्हणाल तर तीन-चार महिन्यांच्या वयात निम्म्याहून अधिक बाळं दिवसातून निदान एकदा दूध बाहेर काढतात. वर्षाच्या आसपास हे थांबतं. वजन वाढतंय आणि बाळ दूध काढल्यावर मजेत आहे, तोवर तो कपडे धुण्याचा प्रश्न आहे.

पाय पोटाशी घेणं, लाल होणं, वारा सरणं, यावरून ‘पोटातच दुखतंय’ असा निष्कर्ष आपण सगळेच काढतो. पण एवढं लहान बाळ कशासाठीही रडलं तरी असंच रडतं. थकून रडलं तरी पाय पोटाशी, उजेड आणि गोंगाट सोसेनासा झाला तरी पाय पोटाशी. रडता रडता ते भरपूर हवा गिळतं आणि ती पुढे सरते. तेव्हा वारा हा बऱ्याच वेळा रडण्यामागून येतो. गॅसवर जे सिमेथिकोनचे थेंब देतात, ते चाचण्यांमध्ये नुसत्या गोड पाण्यासारख्या बिनऔषधी थेंबांहून वरचढ ठरलेले नाहीत.

आता सुचवलेली दुधं एकेक करून पाहू. जन्मापासूनच्या दुधात प्रथिनं, मेद, लोह, जीवनसत्त्वं किती ते किती असावीत, याच्या सीमा कोडेक्स या आंतरराष्ट्रीय मानकाने ठरवलेल्या आहेत. हे मानक १९८१ पासून आहे आणि देशोदेशींचे नियम त्याच्याच आसपास असतात. म्हणून दोन कंपन्यांच्या साध्या दुधांत जाहिराती सांगतात तेवढं अंतर नसतं. एका साध्यावरून दुसऱ्या साध्यावर जाणं म्हणजे बहुधा डब्याचा रंग बदलणं.

लॅक्टोज ही आईच्या दुधातलीही मुख्य साखर आहे, १०० मिलीत साधारण ७ ग्रॅम. ती जन्मतःच न पचणं फार म्हणजे फार दुर्मीळ, आणि अशा बाळाला पहिल्या दिवसांपासून पाण्यासारखे जुलाब होतात, वजन वाढत नाही. मोठ्या माणसांना दूध पचेनासं होतं ती गोष्ट वेगळी, ती वयाबरोबर येते. जोरदार जुलाब होऊन गेल्यावर बाळांना काही आठवडे लॅक्टोज जड जाऊ शकतं. तुमच्या मुलीला तसं काही झालेलं नाही. शी तर घट्टसर आहे. मैत्रिणीचा हा सल्ला इथे लागू पडत नाही.

सोयाच्या दुधाचा रडण्यावर काही सिद्ध झालेला उपयोग नाही. सहा महिन्यांच्या आतल्या बाळाला ते डॉक्टरांनी खास कारणासाठी सांगितल्याशिवाय देऊ नये, असंच बऱ्याच तज्ज्ञांच्या संघटना सांगतात.

‘कम्फर्ट’ लिहिलेल्या दुधात प्रथिनांचे थोडेसे तुकडे केलेले असतात, बऱ्याचदा लॅक्टोज कमी आणि दाटपणासाठी स्टार्च असतो. रडणं कमी होतं याला पुरावा तोकडा आहे. तो शब्द बाळापेक्षा रात्री जागणाऱ्या आईबापांसाठी छापलेला असतो, असं माझं प्रामाणिक मत आहे. शेळीच्या दुधापासून केलेलं, नियमांत बसणारं दूध पोषणाला पुरेसं असतं, पण गायीच्या दुधाची ॲलर्जी असलेल्या बहुतेक बाळांना शेळीच्या दुधाचीही होते. ॲलर्जीवर उपाय म्हणून ते आणलं असेल तर तो उपाय नाही. आणि शीचा हिरवट रंग? पावडरच्या दुधातल्या लोहाने तो येतोच. लोह कमी असलेलं दूध शोधू नका. लोहाने बाळं जास्त किरकिरतात किंवा कुंथतात हे तपासण्यांत दिसलेलं नाही आणि लोह कमी पडणं मेंदूच्या वाढीला महागात पडतं.

आता त्या मोजक्यांबद्दल. गायीच्या दुधातल्या प्रथिनांची ॲलर्जी खरी असते, फार तर शंभरातल्या दोन-तीन बाळांना. ती नुसत्या संध्याकाळच्या रडण्याने सहसा ओळखू येत नाही. शीत रक्ताचे धागे किंवा शेंबडासारखा चिकटा, अंगावर इसब किंवा गांधी, वारंवार उलट्या, वजन अडकणं, पाजतानाच पाठ ताणून रडणं, घरात ॲलर्जी-दम्याचा इतिहास, यातल्या एक-दोन गोष्टी बरोबर असल्या की संशय घ्यायचा. यासाठीचं दूध वेगळं असतं: त्यातली प्रथिनं पूर्ण बारीक तोडलेली असतात, चव कडवट आणि वास उग्र. ‘कम्फर्ट’ दूध इथे चालत नाही. ते खास दूध डॉक्टरांच्या सांगण्यावरून दोन ते चार आठवडे द्यायचं, आणि बाळ सुधारलं तर पुन्हा जुनं दूध देऊन त्रास परततो का ते पाहायचं. ही दुसरी पायरी लोक गाळतात. सुधारणा झाली, आता कशाला छेडा, असं वाटतं. पण ती गाळली तर ॲलर्जी होती की बाळ फक्त चार आठवड्यांनी मोठं झालं, हे कधीच कळत नाही आणि ते बाळ विनाकारण वर्षभर त्या दुधावर राहतं. गुळणी सोडली तर तुमच्या पत्रात यातली एकही खूण नाही. तुम्ही लिहायची राहिलेली असेल तर डॉक्टरांना जरूर सांगा.

हे सगळं वाचूनही बदलायचंच ठरलं, तर निदान बदल असा करा की त्यातून काही कळेल. एका वेळी एकच गोष्ट बदला. निप्पल आणि पाजण्याची पद्धत आधी, त्याला आठवडा द्या. मग दूध, त्याला दोन आठवडे. रात्री नऊ वाजता हताश होऊन निर्णय घ्यायचा नाही; निर्णय सकाळी. एका कागदावर दिवसाचे चोवीस चौकोन आखा आणि रडणं, पाजणं, झोप यांच्या खुणा करत जा. आठवणीवर विसंबू नका, रात्रीची आठवण फार अतिशयोक्ती करते. हा बदल थोडं थोडं मिसळून करायची गरज नसते, थेट केला तरी चालतो. फक्त दोन डब्यांच्या पावडरी एकाच बाटलीत मोजू नका. दुधात धान्याचं पीठ, मध, साखर घालायची नाही. सहा महिन्यांपर्यंत वेगळं पाणी नाही, वर्षापर्यंत मध नाही आणि मुख्य दूध म्हणून गायीचं साधं दूधही नाही.

पाण्याबद्दल एक गोष्ट, कारण डब्यावरची बारीक अक्षरं कुणी वाचत नाही. पावडर निर्जंतुक नसते. क्रोनोबॅक्टर नावाचा जंतू तिच्यात क्वचित असतो आणि दोन महिन्यांच्या आतल्या बाळांना तो फार घातक ठरतो. म्हणून जागतिक आरोग्य संघटनेच्या २००७ च्या सूचनांनुसार पाणी उकळल्यावर अर्ध्या तासाच्या आत, म्हणजे ते ७० अंशांच्या खाली जाण्याआधी, पावडर कालवायची, मग बाटली गार पाण्याखाली धरून पिण्याजोगी करायची. तयार दूध दोन तासांत संपवायचं. उष्टं कधीही पुन्हा द्यायचं नाही.

राहिला तो सहा ते दहाचा वेळ. त्यावर रामबाण काही नाही. अंधुक खोली, पंख्यासारखा एकसुरी आवाज, कापडात सैलसर गुंडाळणं, छातीशी धरून येरझारा, कोमट पाण्याने अंग पुसणं. एखादी गोष्ट एक दिवस चालते, दुसऱ्या दिवशी चालत नाही, आणि तुमचं काही चुकलेलं नसतं. १९८६ च्या एका अभ्यासात दिवसभरात जास्त वेळ कडेवर असलेली साधी बाळं सहाव्या आठवड्यात बरीच कमी रडली, पण फार रडणाऱ्या बाळांवर तोच प्रयोग केल्यावर तसा गुण आला नाही. दुपारी पाचच्या आधी तिची एक चांगली झोप होते का ते पाहा, थकलेलं बाळ संध्याकाळी जास्त बिथरतं. आणि वेळ वाटून घ्या. नवरा ‘जरा थांब’ म्हणतो, ठीक आहे, पण थांबायचं असेल तर आठ ते दहा त्याने धरून थांबावं. त्या दोन तासांत तुम्ही दुसऱ्या खोलीत कानांत बोळे घालून झोपा.

दोघंही संपलात, हात थरथरायला लागले, तर तिला उताणं तिच्या जागेवर ठेवा, दार ओढून घ्या आणि पाच-दहा मिनिटं बाहेर या. या रडण्याने तिला काही होणार नाही. रागाच्या भरात गदगदा हलवण्याने मात्र बाळाच्या मेंदूत रक्तस्राव होतो, बाळ दगावतं. अशा घटना रडण्याच्या याच चढामागोमाग वाढतात. घरात तिला सांभाळणाऱ्या प्रत्येकाला हे स्पष्ट शब्दांत सांगून ठेवा.

आणि डब्यांचा विचार सोडून त्याच तासाला डॉक्टर गाठायचे प्रसंग: ३८ अंश किंवा जास्त ताप (तीन महिन्यांच्या आत घरी वाट पाहायची नाही), हिरवी उलटी, दर वेळी पाजल्यावर लांब फेकली जाणारी उलटी, शीत रक्त, मलूल पडणं, पिणं सोडणं, दिवसभरात शू फारच कमी होणं, टाळू फुगणं, जांघेत गाठ, किंवा नेहमीहून निराळं, अचानक सुरू झालेलं आणि कशानेच न थांबणारं रडणं. कधी कधी केस किंवा दोरा पायाच्या बोटाभोवती करकचून आवळलेला असतो, म्हणून तिचे मोजे काढून बोटं बघायची सवय ठेवा.

डॉक्टर ‘सगळं ठीक आहे’ म्हणाले तेव्हा तुम्हाला झटकल्यासारखं वाटलं. पुढच्या वेळी आठवड्याचा तो चौकोनांचा कागद, डबा आणि चमचा, तिन्ही घेऊन जा, आणि विचारा: वजनाची रेष दाखवा, तुम्ही काय काय तपासून ठीक म्हणताय ते सांगा, आणि काय दिसलं तर मी परत यायचं. यावर नीट उत्तर मिळालं की त्या ‘ठीक’ला वजन येतं.

त्याच भेटीत स्वतःबद्दलही बोला. तुम्ही नीट जेवता का, ती झोपली तरी तुम्हाला झोप लागते का, याबद्दल एवढ्या लांब पत्रात चकार शब्द नाही. दोन आठवड्यांहून जास्त काळ मन खाली गेलेलं असेल, रडू येत असेल, मी हिची आई व्हायला लायक नाही असं वाटत असेल, तर बाळंतपणानंतरच्या नैराश्याची तपासणी करून घ्या. दहा प्रश्नांची एक साधी प्रश्नावली असते, १९८७ पासून वापरात असलेली, एडिनबरा नावाची. पाच मिनिटांत होते आणि पुढे उपचारही आहेत. स्वतःला किंवा बाळाला इजा करण्याचा विचार एकदाही मनात आला असेल, तर भेटीच्या तारखेची वाट पाहू नका, आज घरातल्या कुणाला तरी सांगा आणि आजच दवाखान्यात जा. आत गेल्यावर सुरुवात कुठून करायची ते सुचलं नाही, तर मला लिहिलेली ती शेवटची ओळ वाचून दाखवा.